उंबरठ्यावरचा माणूस



लोणारच्या व्याख्यानमालेत युरोपातील ज्यूंच्या संहाराविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. दैत्यसूदनाच्या मंदिरावर बोलावे, धारेच्या पाण्यावर बोलावे, लीळाचरित्रातल्या लोणारविषयी बोलावे. ते विषय गावाच्या अंगणातले आहेत. परंतु ज्या संहारात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले, त्या काळाच्या इतिहासाचा एक धागा मुंबईच्या बंदरातून, एक नगरच्या बंदी-छावणीतून आणि एक आपल्या विदर्भातील वर्ध्यावरून गेलेला आहे. ते धागे हाती धरून आज आपल्याला एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. संकटात सापडलेला परका माणूस दाराशी येतो, तेव्हा त्याला काय विचारावे? ‘तू कोण, कोठला?’ एवढेच, की ‘तुझा आम्हांला उपयोग काय?’ हेही?

प्रारंभ आपल्या घरापासून करू. अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी नवगाव नावाचे गाव आहे. तेथे फार पूर्वी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. ही घटना नेमकी किती शतकांपूर्वीची, यावर विद्वानांचे एकमत नाही. तो वाद येथे बाजूला ठेवू. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरले ते अंगवळणी पडलेले आचार. शनिवारी काम करावयाचे नाही, मुलाची सुंता आठव्या दिवशी करावयाची, खवले नसलेला मासा खावयाचा नाही, आणि ईश्वर एक आहे हे वचन प्रत्येक प्रसंगी उच्चारावयाचे. या लोकांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. नवगावकर, किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी गावांची नावे त्यांच्या मागे लागली. मराठी ही त्यांची मायबोली झाली. बायबलातील कथांवर मराठीत कीर्तने करण्यापर्यंत ती त्यांच्यात भिनली. त्यांच्यातील सॅम्युएल दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होता, टिपूच्या कैदेत पडला आणि सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्याने मुंबईत मांडवी भागात प्रार्थनामंदिर बांधले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे दार’. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आणि जवळच्या रेल्वे स्थानकाचे मशीद हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. १९३७ साली याच समाजातील डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले.

कोकणच्या किनाऱ्याने भिजून आलेल्या त्या चौदा माणसांची लायकी तपासली नाही. घाणा चालवता येतो की नाही, हे त्यांना किनाऱ्यावर कोणी विचारल्याचे परंपरेत नाही. ते आले, राहिले आणि मग उपयोगी झाले. हा क्रम ध्यानात ठेवावा. कारण पुढे साऱ्या जगाने तो उलटा केला.

आता जर्मनीकडे वळू. आपल्या गावचे विवर उल्केच्या एका आघाताने झाले, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. क्षणात घडलेल्या त्या उत्पाताला कोणी मनुष्य जबाबदार नाही. युरोपातील संहार मात्र असा आकाशातून कोसळला नाही. तो पायरीपायरीने रचला गेला आणि प्रत्येक पायरीवर कोणा ना कोणा माणसाची सही आहे.

१९३३ साली जर्मनीत ज्यूंची संख्या पाच लाखांहून थोडी अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी सुमारे एक लाख ज्यू लढले होते व त्यांतील १२ हजार कामी आले होते. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला. ७ एप्रिलला कायदा करून त्यांना सरकारी नोकरीतून काढण्यास आरंभ झाला. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे झाले. त्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले आणि जर्मनांशी त्यांचे विवाह हा गुन्हा ठरवला. ज्याच्या चार आजीआजोबांपैकी तिघे किंवा चौघे ज्यू, तो ज्यू. मग त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो. १९३८ च्या उन्हाळ्यात हुकूम निघाला की प्रत्येक ज्यू पुरुषाने आपल्या नावात ‘इस्राएल’ आणि स्त्रीने ‘सारा’ हे नाव घालावे. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या पासपोर्टांवर तांबडे अक्षर उमटवण्यात येऊ लागले.

या पायऱ्यांत अजून रक्त फारसे दिसत नाही, हे पाहा. दिसतात ते अर्ज, दाखले, शिक्के आणि नोंदवह्या. ज्यू शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीवर दुसरा शिक्षक बसला, ज्यू डॉक्टरचे रोगी शेजारच्या डॉक्टरकडे गेले, ज्यूचे दुकान स्वस्तात कोणी तरी विकत घेतले. त्या बहुतेकांनी कोणावर हात उगारला नव्हता. त्यांना केवळ थोडा लाभ झाला होता आणि लाभ झालेला माणूस सहसा बोलत नाही. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सबंध जर्मनीत व नुकत्याच गिळलेल्या ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली आणि सुमारे ३० हजार पुरुषांना छळछावण्यांत कोंडण्यात आले. झालेल्या नासाडीबद्दल दंड भरला तो ज्यूंनीच. शंभर कोटी मार्क! देश सोडून जाण्याची हमी देईल त्याला छावणीतून सोडू, असे सांगण्यात आले. तेव्हा अभागी माणसापुढे प्रश्न उभा राहिला : जावे कोठे?

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात जिनेव्हा सरोवराच्या काठी एव्हियाँ येथे ३२ देशांची परिषद या प्रश्नासाठी भरली होती. सहानुभूतीची भाषणे पुष्कळ झाली. आमच्याकडे बेकारी आहे, आमच्याकडे जागा नाही, आम्हांला शेतकरी हवेत, व्यापारी व वकील नकोत, अशी कारणे एकामागून एक सांगण्यात आली. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन गणराज्याने मोठ्या संख्येने लोक घेण्याची तयारी दाखवली. पण तेथेही प्रत्यक्षात पोहोचले ते काही शेच. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘सेंट लुई’ नावाची आगबोट ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाला गेली. क्यूबाने बहुतेकांना उतरू दिले नाही, अमेरिकेनेही नाही. बोट युरोपला परतली आणि परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या हाती सापडून मेले.

हिंदुस्थान तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. ज्याला येथे नोकरी ठरलेली आहे किंवा ज्याच्या पोटापाण्याची कोणी हमी घेतली आहे, अशालाच येथे येता येई. मुंबईत १९३४ मध्ये ज्यू साहाय्यक मंडळ स्थापन झाले होते. बगदादहून आलेल्या सधन ज्यूंनी, युरोपीय ज्यूंनी व त्यांच्या मित्रांनी त्यात हात घातला आणि हमीपत्रे देऊन माणसे सोडवून आणली. त्या मंडळाकडे नोंदले गेलेले निर्वासित सुमारे एक हजाराच्या घरात होते.

आता वर्ध्याकडे येऊ. नोव्हेंबरातील त्या जाळपोळीला पुरते दोन आठवडे झाले नव्हते, तोच २० नोव्हेंबर १९३८ रोजी गांधीजींनी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, बसून ज्यूंविषयी एक लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये आला. ज्यूंचे दुःख त्यांना ऐकीव नव्हते. दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे जिवलग सहकारी कॅलेनबाख आणि पोलाक हे ज्यूच होते. आणि बर्लिनमध्ये नोकरी गमावलेली मार्गारेटे श्पीगल ही शिक्षिका १९३३ मध्ये त्यांच्याकडे आली तेव्हा तिला त्यांनी अमला हे नाव दिले होते. ज्यू हे ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य आहेत, असे त्यांनी त्या लेखात म्हटले. पॅलेस्टाइन अरबांचे आहे, असेही म्हटले. आणि जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचवला. जेरुसलेमहून तत्त्ववेत्ते मार्टिन ब्यूबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना दीर्घ उत्तर लिहिले. त्याचा गाभा असा, की सत्याग्रह्याच्या यातना कोणी पाहाव्या, ऐकाव्या लागतात, तेव्हा त्यांना साक्षीचे मोल येते. छावणीच्या भिंतीआड कोणाला न कळता मारल्या जाणाऱ्या माणसाची साक्ष कोण ऐकणार? महात्म्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण इंग्रजांचे राज्य आणि हिटलरचे राज्य यांत जातीचाच फरक आहे, हे ब्यूबर यांनी अनुभवाने ओळखले होते.

डिसेंबर १९३८ मध्ये काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यास बसली. पंडित नेहरू नुकतेच युरोपातून परतले होते आणि निर्वासितांची दैना त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होती. त्यांनी ज्यू निर्वासितांविषयी ठराव मांडला. परंतु त्या ठरावातही दार उघडायचे होते ते तज्ज्ञांसाठी व विशेष विद्या असलेल्यांसाठी. येथल्या राहणीमानाशी जुळवून घेतील अशांसाठी. आणि तेवढेही अध्यक्ष सुभाषबाबूंना पसंत नव्हते, हे नेहरूंनी त्यांना ३ एप्रिल १९३९ रोजी लिहिलेल्या पत्रावरून दिसते. दोघेही देशभक्त, एकाला दुसऱ्याहून कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पारतंत्र्यातल्या गरीब देशाला आपल्या सुशिक्षित बेकारांची चिंता असणे स्वाभाविक होते, आणि परदेशी डॉक्टर आले तर आपल्या धंद्याला बाधा येईल अशी ओरड मुंबईतही झाली. तरीही एव्हियाँची परिषद काय, इंग्रज सरकारचे नियम काय किंवा आपला ठराव काय, सर्वांच्या मुखी प्रश्न एकच होता : याचा उपयोग काय?

ज्यांना आत येता आले त्यांनी उपयोग दाखवला, आणि तो भरघोस दाखवला. कार्ल्सबादचा वॉल्टर कॉफमन हा संगीतकार १९३४ मध्ये मुंबईस आला. १९३७ ते १९४६ तो मुंबई नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. आकाशवाणीची जी सुरावट ऐकत आपल्या कित्येक घरांत पहाट झाली, तंबोऱ्यावर व्हायोलिनची ती धून त्याचीच मानली जाते. एका निर्वासिताने बांधलेल्या सुरांनी अख्खा देश वर्षानुवर्षे जागा झाला. त्याचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक होते. प्रागचा नामांकित लेखक-संपादक विली हास मुंबईत चित्रपटांच्या कथा लिहू लागला. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह आला आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कलासंचालक झाला. व्हिएन्नाचाच इमॅन्युएल श्लेसिंजर हा उद्योजक तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेऊ लागला, आणि बर्लिनहून आलेला रुडॉल्फ फॉन लायडन वृत्तपत्रांतून त्यांच्यावर लिहू लागला. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या सहा जणांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा या तिघांनी त्यांना आधार दिला. त्यांतील हरी अंबादास गाडे हे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. व्हिएन्नातून हाकललेला माणूस आणि वऱ्हाडातून गेलेला चित्रकार मुंबईच्या एका दिवाणखान्यात रंगांविषयी बोलत बसले, हे त्या काळोख्या वर्षांतले एक सुखद चित्र आहे.

पण त्या दिवाणखान्यांवरही महायुद्धाची सावली पडली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले गेले आणि हिंदुस्थानातील सोळा वर्षांवरील जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्यांना तेव्हाच्या अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत कोंडण्यात आले. कागदावर जर्मन तो शत्रू, एवढीच कसोटी. त्यामुळे हिटलरच्या भीतीने पळालेला ज्यू आणि हिटलरची भक्ती करणारा नाझी व्यापारी एकाच कुंपणात आले! पुढे सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी करून पुष्कळ ज्यूंना सोडले. परंतु १९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्स कोसळू लागताच पुन्हा धरपकड झाली. कोणी देवळालीस, कोणी डेहराडूनला गेले. काही कुटुंबांना पुरंदर किल्ल्यावर व साताऱ्यास नजरकैदेत ठेवले. शिवछत्रपतींच्या इतिहासाने पावन झालेल्या पुरंदरावर बर्लिन-व्हिएन्नाची कुटुंबे युद्ध संपण्याची वाट पाहात बसली होती. जर्मनी म्हणत होती, ‘तू जर्मन नाहीस’. इंग्रज म्हणत होते, ‘तू जर्मनच आहेस.’ २५ नोव्हेंबर १९४१ च्या हुकुमाने तर जर्मनीने देशाबाहेर असलेल्या प्रत्येक ज्यूचे राष्ट्रीयत्वच रद्द केले. ज्याला कोणताच देश आपला म्हणत नाही, तो माणूस कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच राहात नाही, असा त्या काळाचा निष्ठुर धडा आहे.

तरीही नगरच्या तारेआडचा ज्यू भाग्यवानच म्हणावयाचा. कारण तो जगला. ज्यांच्याजवळ विद्या नव्हती, हमीदार नव्हता, आगबोटीचे भाडे नव्हते, त्यांचे काय झाले? पोलंडमध्ये ३३ लाख ज्यू होते : शिंपी, चांभार, सुतार, गाडीवान, किरकोळ दुकानदार, पाठशाळेतले पंतोजी आणि त्यांची लेकुरवाळी घरे. त्यांना कोणी तज्ज्ञ म्हणाले नसते. नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्सा शहरातील ज्यूवस्तीला भिंत घालून ती बंद करण्यात आली आणि चार लाखांहून अधिक माणसे तीत कोंबली गेली. जून १९४१ मध्ये रशियावर स्वारी झाल्यावर फौजेमागून फिरणाऱ्या तुकड्यांनी गावेच्या गावे गोळ्या घालून संपवली. कीव्ह शहराबाहेर बाबी यार येथे दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना मारल्याचा हिशेब मारणाऱ्यांनीच लिहून ठेवला. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्झे उपनगरातील बंगल्यात १५ अधिकाऱ्यांनी बसून हे काम सबंध युरोपभर कसे करायचे, त्याची खातेवाटणी ठरवली. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेलझेत्स या छावण्यांत तर माणसे केवळ मारण्यासाठीच नेली जात. एकट्या ऑश्विट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांत दहा लाखांच्या आसपास ज्यू होते. त्यांच्याबरोबर भटके रोमाही मारले गेले. ज्यांची बोली आपल्या उत्तर हिंदुस्थानी भाषांची बहीण आहे, ते रोमा!

आकड्यांनी मन बधिर होते. म्हणून एकाच माणसाकडे पाहू. वॉर्साच्या त्या कोंडलेल्या वस्तीत यानुश कोर्चाक नावाचा डॉक्टर अनाथ मुलांचा आश्रम चालवीत होता. मुलांसाठी पुस्तके लिहिणारा म्हणून तो पोलंडभर प्रसिद्ध होता. १८ जुलै १९४२ रोजी त्याच्या आश्रमातील मुलांनी एक नाटक केले. ते होते आपल्या रवींद्रनाथांचे ‘डाकघर’. खोलीबाहेर जाण्यास बंदी असलेला अमल नावाचा आजारी मुलगा खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो, असे ते नाटक. भिंतीआड कोंडलेल्या त्या मुलांना अमल समजावून सांगावा लागला नसेल. कोर्चाकला स्वतःला निसटून जाण्याच्या संधी मिळाल्या होत्या. त्याने त्या नाकारल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलांना घेऊन तो रेल्वेकडे चालत गेला. ती गाडी ट्रेब्लिंकाला गेली.

त्याच वस्तीत इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने काही सहकारी जमवून गुप्तपणे कागद गोळा केले : रोजनिशा, शिधापत्रिका, मुलांचे निबंध, पत्रे, जाहिराती. ते पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या बरण्यांत भरून जमिनीत पुरले. १९४४ मध्ये तो सहकुटुंब मारला गेला. कागद मात्र १९४६ व १९५० मध्ये सापडले. इतिहास ही विजेत्यांची बखर असते, असे आपण सहज म्हणून जातो. येथे पराभूतांनी मरण समोर असताना इतिहास लिहिला, आणि मारणाऱ्यांना नाकारता येणार नाही असा पुरावा मागे ठेवला.

श्रोतेहो, हे सर्व ऐकून ‘आपल्या भूमीत ज्यूंचा कधी छळ झाला नाही’ असे समाधान आपण मानतो. ते खोटे नाही. परंतु त्या समाधानाला दोन टाचण्या लावून ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी, की त्याच काळात मराठी वृत्तपत्रांतून मुसोलिनी व हिटलर यांच्या शिस्तीचे कौतुक छापून येत होते. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, या न्यायाने कित्येक चांगली माणसेही भुलली. तेव्हा पुष्कळ गोष्टी कळलेल्या नव्हत्या, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. आज सर्व कळलेले असताना शहरोशहरी पदपथावर हिटलरचे आत्मचरित्र खपते आणि ‘त्याच्यासारखा खंबीर माणूस हवा’ असे पारावर सहज बोलले जाते, त्याला कोणते निमित्त सांगणार?

दुसरी टाचणी अधिक जवळची आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्याला ज्या गावाने कधी जाब विचारला नाही, त्याच गावाने आपल्याच अस्पृश्य बांधवाला पाणवठ्यावर येऊ दिले नाही. परक्याला जागा देणे आपल्याला जमले. शेजाऱ्याला बरोबरीने वागवणे जमले नाही. माणूस जन्माने ठरवायचा आणि त्याला वस्तीबाहेर ठेवायचे, ही विद्या आपल्याला युरोपकडून शिकावी लागली नव्हती. जर्मनीत जे घडले ते आणि आपल्याकडे जे घडले ते एकच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तेथे राज्ययंत्राने ठरवून वंशाचा उच्छेद केला. पण दोहोंची पहिली पायरी ओळखीची आहे. या जातीचा, या धर्माचा माणूस आपल्याहून निराळा, म्हणून त्याच्यावर झालेला अन्याय आपला नव्हे, ही ती पायरी. तेथे थांबता येते. पुढच्या पायऱ्यांवर थांबणे फार थोड्यांना साधते.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. ते छळाला कंटाळून गेले नाहीत. आपल्या पूर्वजांच्या भूमीच्या ओढीने गेले. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. येथे मूठभर उरले. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. आणि सॅम्युएल दिवेकराने बांधलेले ते ‘दयेचे दार’ मुंबईच्या मांडवीत अजून उभे आहे.

दया हा शब्द आजकाल दुबळा वाटतो. उपयोग हा शब्द व्यवहारी वाटतो. परंतु १९३८ साली साऱ्या जगाने व्यवहार पाहिला, आणि त्या व्यवहाराची किंमत दारे बंद झाल्यावर आत सापडलेल्या माणसांनी भरली. कॉफमनला आत घेतले म्हणून आपल्याला एक सुरावट मिळाली, हे खरे. पण ती मिळाली नसती तरी त्याला आत घेणेच योग्य होते. कोर्चाकच्या आश्रमातील २०० मुलांपैकी कोण पुढे काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि सांगता येण्याची गरजही नाही. उंबरठ्यावर उभा राहिलेला माणूस हा आधी माणूस आहे. त्याचा उपयोग मागाहून पाहू, असे म्हणण्याचे धैर्य त्या वर्षी फार थोड्यांजवळ होते. ते धैर्य तुमच्याआमच्याजवळ आहे की नाही, याची परीक्षा जर्मनीत व्हावयाची नाही. ती आपल्याच गावात, आपल्याच दाराशी व्हावयाची आहे.